विश्लेषण : अंगठ्याचे यंत्र संगणकाला का ‘सापडत’ नाही?

वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथील कार्यक्रमात ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पीएम-किसान योजनेचा १८वा हप्ता वितरित केला. दोन हजारांच्या या हप्त्यासाठी ई-केवायसी सक्तीची आहे. आधारशी मोबाइल क्रमांक जोडलेला नसेल, तर शेतकरी सेवा केंद्रावर अंगठा द्यायला जातो. तिथे अनेकदा काम अडते ते यूएसबीने जोडलेल्या लहानशा यंत्रापाशी.

यंत्र जोडूनही चालत का नाही?

यंत्र चालायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली वीज. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर, तर ३.० पोर्ट ९०० मिलिअँपिअरपर्यंत वीज देतो. स्वतःचा वीजपुरवठा नसलेल्या हबवर माउस, वेबकॅम आणि स्कॅनर एकत्र लावले की ही वीज वाटली जाते. दुसरी गोष्ट ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला यंत्राची ओळख करून देणारी प्रणाली. तिसरी आरडी सर्व्हिस. आधार प्राधिकरणाने नोंदणीकृत उपकरणांची पद्धत आणल्यापासून ठसा सांकेतिक रूपात बदलूनच पुढे पाठवला जातो. ही सेवा बंद असेल, तर यंत्र ठणठणीत असूनही ठसा स्वीकारला जात नाही.

बिघाड कसा ओळखायचा?

आधी हब काढून यंत्र थेट संगणकाच्या मागच्या पोर्टला लावावे. मग डिव्हाइस मॅनेजर उघडावे. नावच दिसत नसेल, तर केबल, पोर्ट किंवा यंत्र बिघडले असण्याची शक्यता जास्त. दुसऱ्या संगणकावर लावले की नेमके कळते. नावापुढे पिवळे चिन्ह असेल, तर ड्रायव्हर पुन्हा टाकावा. नाव व्यवस्थित असेल, तर आरडी सर्व्हिस सुरू आहे का आणि तिची मुदत संपली आहे का, हे पाहावे. थोडा वेळ वापर थांबताच यंत्र बंद पडत असेल, तर विंडोजमधील यूएसबीची वीजबचत बंद करावी.

यंत्र ठीक, पण ठसा जुळत नसेल तर?

शेतात राबणाऱ्या हातांच्या रेषा झिजतात. अशा वेळी बोट पुसून दुसरे बोट वापरता येते. २०२३पासून पीएम-किसानच्या मोबाइल अ‍ॅपवर चेहऱ्याद्वारे ई-केवायसीचीही सोय आहे.

हा फरक महत्त्वाचा का?

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे उत्तर मानोरा किंवा रिसोडच्या खेड्यातून आलेल्या माणसाला एका दिवसाच्या मजुरीला आणि एसटीच्या भाड्याला पडते. दोष सैल केबलचा असेल, तर तो पाच मिनिटांत केंद्रावरच दूर होऊ शकतो.