बंदर बंद आहे का?

रविवारची दुपार. कफ परेडच्या मच्छीमार नगरात राहणारा आमचा एक मित्र, एरवी आठवडाभर एक्सेलशी झुंजणारा, लॅपटॉपसमोर डोकं धरून बसलेला. शेजारी बाबांच्या होडीवरचा जुना जीपीएस. त्याचा स्क्रीन शेवटच्या घटका मोजतोय आणि पोटात बाबांनी वर्षानुवर्षं साठवलेल्या खुणा : कुठे मासळी लागते, कुठल्या खडकावर जाळं फाटतं. पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठायच्या आत त्या उतरवून घ्यायच्या होत्या. सीरियल केबल जोडली, लिनक्स चालू केलं आणि उत्तर आलं : ‘पर्मिशन डिनाइड’.

‘‘केबलच गंडलीय यार!’’

थांब बॉस. आधी एरर नीट वाच. परवानगी नाकारली, याचा अर्थ पोर्ट सापडलंय. उबुंटू किंवा डेबियनवर सीरियल पोर्ट वापरायचं तर ‘डायलआऊट’ या ग्रुपमध्ये तुमचं नाव लागतं. हे नाव फोन फिरवणाऱ्या मोडेमच्या जमान्यातलं. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने आपल्याकडे इंटरनेट सुरू केलं, तेव्हा मोडेम याच पोर्टला लागायचा. ग्रुपमध्ये नाव घाला आणि लॉगआऊट करून परत या. हे दुसरं काम लोक हमखास विसरतात.

मग आली ‘डिव्हाइस बिझी’. म्हणजे पोर्टवर आधीच कुणीतरी बसलंय. बऱ्याचदा तो ‘मोडेममॅनेजर’ असतो. मोडेमचं वाटेल असं पोर्ट दिसलं की हा ‘एटी’ अशी हाक मारून बघतो. एटी म्हणजे अटेन्शन. हेज कंपनीच्या १९८१ च्या मोडेमपासूनची ही भाषा. त्याला थोडा वेळ बंद करा.

‘नो सच फाइल’ आली तरच केबलवर किंवा यूएसबी कन्व्हर्टरवर संशय घ्या. तो काढून पुन्हा लावा आणि लगेच ‘डीमेसेज’ कमांड द्या. शेवटच्या ओळींत पोर्टचं नाव दिसायला हवं. उबुंटू २२.०४ वर ते दिसून गायबही व्हायचं, कारण ब्रेल यंत्रं चालवणारा प्रोग्रॅम काही स्वस्त कन्व्हर्टरना ब्रेल यंत्रच समजायचा. आणि ‘इनपुट आऊटपुट एरर’? बहुधा तुम्ही नुसतं नाव असलेलं, मागे हार्डवेअरच नसलेलं पोर्ट उघडलंय.

आमचं पोर्ट उघडलं, पण स्क्रीनभर कचरा! ही तर चांगली बातमी. डेटा येतोय, फक्त वेग जुळत नाहीये. होडीवरचे जीपीएस बहुतेक एनएमईए ०१८३ भाषेत बोलतात आणि तिचा ठरलेला वेग ४८०० बॉड. लॅपटॉप ९६०० वर होता. बदलला, आणि डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी सुरळीत पडू लागल्या.

एक धोका मात्र ध्यानात ठेवा. त्या ओळीतलं १८५४ म्हणजे १८ अंश ५४ मिनिटं. ते १८.५४ अंश असं वाचलंत, तर कफ परेड ४० किलोमीटर दक्षिणेला सरकतं. खडकाच्या बाबतीत ही चूक परवडणारी नाही.

थोडक्यात काय, तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि एरर काय सांगतेय ते ऐका.

संध्याकाळी खुणांची यादी बाबांसमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावून एकेक खूण तपासली आणि मगच म्हणाले, ‘‘आता याची अजून एक कॉपी काढ.’’