काटा थांबतो तेव्हा

नवे वर्ष लागले की जळगावात मेहरूण तलावाकाठी आणि धुळ्यात पांझरेच्या बाजूला पहाटे फिरणाऱ्यांची गर्दी वाढते. नवे बूट, कानटोपी, हातात पाण्याची बाटली. फेब्रुवारी येईपर्यंत त्यातले बरेच चेहरे दिसेनासे होतात. मग घरात आणि कचेरीत एकच निष्कर्ष निघतो, तो म्हणजे ‘जिद्द कमी पडली’. हा निष्कर्ष सोपा आहे, पण अपुरा आहे. पहिल्या काही आठवड्यांत उमेद का खचते, याची कारणे शरीरात आहेत, स्वयंपाकघरात आहेत आणि रस्त्यावरही आहेत.

आधी शरीराचे पाहू. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. खाणे कमी केले की हा साठा आधी वापरला जातो आणि पाणी बाहेर पडते. त्यामुळे पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने खाली येतो आणि माणूस हुरळून जातो. चरबीची गती मात्र वेगळी असते. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० किलोकॅलरी. रोज ५०० किलोकॅलरी कमी घेतल्या, तरी आठवड्याला जेमतेम अर्धा किलो उतरतो. उलट जेवणातले मीठ, प्यायलेले पाणी, पोट साफ होणे न होणे, स्त्रियांची मासिक पाळी यांमुळे वजन एका दिवसात किलोभर सहज वर-खाली होते. आठवड्याची खरी कमाई या चढ-उतारात लपून जाते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काटा थांबल्यासारखा वाटतो तो यामुळे. अनेकजण नेमके तेव्हाच थांबतात.

म्हणून रोज काट्यावर उभे राहण्यापेक्षा आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी अनशापोटी वजन करावे आणि महिन्याचा कल पाहावा. सोबत शिंप्याची टेप ठेवावी. भारतीयांसाठी कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे तज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे चरबी पोटाभोवती साठते आणि बारीक दिसणाऱ्यातही ती दडलेली असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना मांडली होती. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काटा सगळे सांगत नाही, हे यातून कळते.

याहून दिलासा देणारी गोष्ट चेन्नईची आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ जणांवर डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आहार आणि चालण्यात बदल केलेल्या गटात तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण साधारण २८ टक्क्यांनी घटले, आणि तेही वजनात फारसा फरक न पडता. म्हणजे काटा हलला नाही तरी मेहनत वाया गेलेली नसते. देशात मधुमेहींची संख्या दहा कोटींवर गेल्याचे आयसीएमआरच्या २०२३ मधील अहवालाने सांगितले आहे. अशा वेळी ही बाब घरोघरी पोहोचायला हवी.

आता स्वयंपाकघराचे. काही वर्षांपूर्वी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर बेतलेली डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दोन वेळाच जेवण्याची पद्धत आणि ऋजुता दिवेकर यांचा थोडे-थोडे खाण्याचा सल्ला, यांवरून मराठी घरांत दोन तट पडले होते. वाद रंगला तो किती वेळा खावे यावर. कोणती पद्धत सहा महिन्यांनंतरही पाळता येईल, हा प्रश्न मागेच राहिला. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांवर वर्षभर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कमी चरबीच्या आणि कमी कर्बोदकांच्या आहारात सरासरी फारसा फरक आढळला नाही. जो आहार झेपतो आणि टिकतो, तोच आपला.

खान्देशी ताट त्यासाठी टाकून द्यायची गरज नाही. कळण्याची भाकरी, मेथीची भाजी आणि शेतातल्या वांग्याचे भरीत यात दोष नाही. दोष भरितावर तरंगणाऱ्या तेलात, सोबतच्या पुऱ्यांत आणि शेवभाजीच्या तर्रीत आहे. एक मोठा चमचा शेंगदाणा तेल म्हणजे सुमारे १२० किलोकॅलरी. ती खर्च करायला जवळजवळ अर्धा तास भरभर चालावे लागते. तेलाची बरणी महिन्याला किती रिकामी होते, याची नोंद ठेवली तरी बरेच समजेल. मात्र हे एकट्याने होत नाही. कुटुंबाचे उरलेसुरले वाया जाऊ नये म्हणून शेवटी जेवणारी बाई वेगळे काही शिजवून खाईल, ही अपेक्षाच चुकीची आहे. ताट बदलायचे तर सगळ्या घराचे बदलावे आणि ‘आखो एक ली ले’ हा प्रेमाचा आग्रहही जरा आवरावा.

सवय लागायला वेळ लागतो. लंडनमधील एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणासाठी अंदाज २५४ दिवसांवर गेला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही, हेही त्यात दिसले. लग्नाच्या पंगतीत दोन जिलब्या जास्त झाल्या, तर दुसऱ्या सकाळी पुन्हा चालायला निघावे, एवढेच. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण वगळू नये. साखर अचानक खाली जाण्याचा धोका असतो.

उरतो तो रस्ता. मार्चनंतर खान्देशात ऊन असे तापते, की चालायला पहाट आणि रात्र एवढेच उरते. त्या वेळी दिवे नसतील, पदपथावर वाहने उभी असतील आणि कुत्र्यांच्या टोळ्या असतील, तर विशेषतः स्त्रियांनी जिद्द कुठून आणायची? दोन्ही शहरांतील महापालिकांनी शाळा-महाविद्यालयांची मैदाने सकाळ-संध्याकाळ खुली करून घ्यावीत आणि तिथे उजेडाची सोय करावी. याला मोठा निधी लागत नाही.

जानेवारीत निघालेल्यांची खरी परीक्षा आखाजीला आहे. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस तेव्हा जरूर खावा. दुसऱ्या दिवशी पहाटे पाय घराबाहेर पडले, तर वजन किती उतरले हा प्रश्न दुय्यम ठरेल.