मॅट्रिक नापास मॅनेजर

मार्च संपता संपता हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंतच्या कॅन्टीनमध्ये एकच विषय चघळला जातो: अप्रेझल. कोणाला कितीचं रेटिंग पडलं, कोणाची बढती अडली, कोणाचा मॅनेजर ‘बेल कर्व्ह’चं नाव पुढे करून मोकळा झाला. माणसांना असं रांगेत लावण्याच्या पद्धतीला प्रतिष्ठा मिळाली ती जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्च यांच्यामुळे. 1981 ते 2001 या काळात ते कंपनीचे प्रमुख होते. वरचे 20 टक्के, मधले 70 आणि तळाचे 10 अशी वाटणी करायची आणि तळाच्यांना निरोप द्यायचा, असा त्यांचा खाक्या. मायक्रोसॉफ्टनं याच जातीची आपली पद्धत 2013 मध्ये मोडीत काढली. इतरत्र मात्र ती वेगवेगळ्या नावांनी सुखानं नांदते आहे.

बढती अडलेला माणूस बहुधा तीनपैकी एक गोष्ट करतो. निमूट बसतो, दुसरी नोकरी शोधतो किंवा घरी येऊन चिडचिड करतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला मुंबईत एका शिक्षकाची बढती अशीच अडली आणि त्यानं चौथी गोष्ट केली. त्याचं नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांची गोष्ट मराठी घरांत शालेय पुस्तकासारखी सांगितली जाते: लोखंडी नांगर, ओसाड माळ, उद्योगाची मुहूर्तमेढ. ती खरी आहे, पण तिच्यातला सगळ्यात उपयोगी भाग घाईत सुटून जातो. तो भाग नांगराचा नाही. किर्लोस्करवाडीच्या हजेरीपटावर कोण होतं, याचा आहे.

1869 मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेला हा मुलगा वडिलांची मर्जी मोडून मुंबईला गेला, तो चित्रकार व्हायला. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दोनेक वर्षं काढल्यावर कळलं की त्याला काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. रंगांधळ्या चित्रकाराचं पुढे काय होणार? त्यानं रंग सोडले आणि रेषा धरली. यंत्रांची ड्रॉइंग काढायला रंग लागत नाहीत. त्या जोरावर तो व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ड्रॉइंग शिकवू लागला. शिकवण्याइतकाच वेळ तिथल्या वर्कशॉपमध्ये घालवून यंत्रं खोलायला-जोडायलाही शिकला. मधल्या काळात मुंबईहून सायकली बेळगावला पाठवायच्या आणि थोरले बंधू रामूअण्णांनी त्या तिथं विकायच्या, वर गिऱ्हाइकाला चालवायला शिकवण्याची फी वेगळी घ्यायची, असा जोडधंदाही सुरू झाला होता. किर्लोस्कर उद्योगाच्या आरंभाचं साल 1888 मानतात ते या सायकलींमुळे.

मग ती बढती आली. हक्क लक्ष्मणरावांचा होता. जागा एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली. कामात खोट नव्हती, ज्या मोजपट्टीनं मोजलं ती कातडीच्या रंगाची होती. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं.

इथून पुढचा काळ प्रेरणादायी भाषणांत दोन वाक्यांत उरकतात. जगणाऱ्याला तो तसा उरकता आला नसणार. सायकल दुरुस्ती, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. शेतकरी म्हणायचे, लोखंडानं जमीन नासते. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली! आजच्या हिशेबानं आठ तिमाह्या. आठ तिमाह्या शून्य विक्री दाखवणाऱ्या प्रॉडक्ट हेडला कोणत्या कंपनीनं नवव्या तिमाहीत गेटच्या आत घेतलं असतं? पुढे गावाच्या विस्तारासाठी बेळगावची जागाही सोडावी लागली.

अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. राजेसाहेब स्वतः चित्रकार, सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते आणि कारागिरीची कदर असलेले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन दिली आणि 10 हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. ‘शून्यातून उभारलेलं साम्राज्य’ असं म्हणताना ही नोंद गाळू नये. जिद्द लक्ष्मणरावांची होती, पण जमीन आणि भांडवल एका संस्थानिकाच्या मर्जीचं होतं. अशी मर्जी न लाभलेले कितीतरी लक्ष्मणराव कुठल्या कुठे विरले असतील, आणि त्यांच्यावर कोणी पुस्तकं लिहिली नाहीत.

1910 मध्ये निवडुंग आणि नागांनी भरलेल्या त्या माळावर 25 कामगार आणि त्यांची कुटुंबं येऊन राहिली. हीच किर्लोस्करवाडी. आता तो हजेरीपट पाहू. वस्तीची आखणी आणि कारभार रामूअण्णांकडे. कारखान्यात शंभोराव जांभेकर. हिशेब मंगेशराव रेग्यांकडे. मॅनेजर के. के. कुलकर्णी: मॅट्रिक नापास, पण पडेल ते काम अंगावर घेणारे. यंत्रांच्या कल्पना लढवणारे अनंतराव फळणीकर: शिक्षण अर्धवट सोडलेले. रात्रीच्या राखणीला तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. हे दोघे दरोड्यासाठी शिक्षा भोगून आलेले.

हीच यादी आजच्या एखाद्या एचआर विभागाच्या सॉफ्टवेअरमधून घालून पाहावी. दहावी, बारावी आणि पदवीला सलग 60 टक्के, ही कॅम्पस भरतीतली नेहमीची अट. कुलकर्णी आणि फळणीकर पहिल्याच चाळणीत गळतील. तुकाराम आणि पिऱ्या यांची पार्श्वभूमी तपासणारी एजन्सी लाल शेरा मारेल. उरतील मालकाचे भाऊ, जांभेकर आणि हिशेबनीस.

राखणदारांची नेमणूक तर त्या काळाच्या कायद्यामागच्या वृत्तीच्या आडवी जाणारी होती. 1871 पासून ब्रिटिशांचा गुन्हेगार जमाती कायदा अख्ख्या जातींवर जन्मजात चोर म्हणून शिक्का मारत होता. त्या दिवसांत लक्ष्मणरावांनी शिक्षा झालेल्यांच्या भरवशावर वस्ती झोपवली. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, असाही त्यांचा दंडक होता. तरी एक गोष्ट डोळ्यांत खुपते. बाकी सगळ्यांच्या नावापुढे ‘राव’, ‘अण्णा’ किंवा आडनाव आहे. या दोघांच्या नावापुढे जात. मालकानं विश्वास दिला, काळानं आडनावसुद्धा दिलं नाही.

गंमत म्हणजे याच औंध संस्थानात, आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला, 1939 मध्ये कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली आणि तिच्यावरून पुढे ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट सुचला. त्याची कथा-पटकथा लिहिणारे गदिमा त्याच मुलखातले; त्यांच्या शाळेची काही वर्षं कुंडललाच गेली. कारखान्याचे राखणदार आणि स्वतंत्रपूर यांचा थेट धागा जोडायचं कारण नाही. पण शिक्षा भोगलेल्या माणसाला काम द्यावं, हा विचार त्या टापूत एकदाच उगवला नव्हता, एवढं खरं.

लक्ष्मणरावांकडे माणसं जोखण्याची काही जादू होती, असं मानायची गरज नाही. जो स्वतः चित्रकलेत हरला, बढतीत डावलला गेला, त्याला मोजपट्टी चुकू शकते हे अनुभवानं ठाऊक होतं. बहुतेक माणसं अशा अनुभवातून फक्त कडवटपणा घेतात; पुढे साहेब झाल्यावर तीच पट्टी घेऊन दुसऱ्यांना मोजायला बसतात. ‘आम्हीही सोसलं, आता तुम्ही सोसा.’ मराठी कचेऱ्यांत हे वाक्य ऐकलं नाही असा कर्मचारी विरळा. लक्ष्मणरावांनी पट्टीच फेकून दिली, हे त्यांचं खरं मोठेपण.

पुतण्याचं उदाहरणही याच माळेतलं. शंकरराव, म्हणजे ‘शंवाकि’, चित्रकला शिकलेले. नांगराच्या कारखान्यात चित्रकाराचं काय काम? त्यांच्याकडे जाहिरात आली. त्यातून 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. कारखान्याचा माल गिऱ्हाइकांना कळावा म्हणून सुरू झालेल्या त्या छोट्या पत्राचं पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, पाठोपाठ 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’. शंकररावांना लेथवर उभं केलं असतं तर कारखान्याला एक सुमार फिटर मिळाला असता आणि महाराष्ट्र तीन मासिकांना मुकला असता. काकांचं ‘यांत्रिकाची यात्रा’ हे चरित्रही त्यांनीच लिहिलं.

याचा अर्थ लक्ष्मणराव शिक्षणाच्या विरोधात होते असा कोणी काढू नये. त्यांनी मुलाला, शंतनुरावांना, अमेरिकेत एमआयटीला पाठवलं. 1926 मध्ये शंतनुराव तिथून मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेऊन परतले ते याच वाडीत. पदवी हवीच, फक्त ती कारखान्याचं फाटक होऊ नये, असा तो व्यवहार होता.

किर्लोस्करवाडीला स्वर्ग ठरवायचीही घाई नको. जिथं मालक तोच घरमालक आणि तोच गावचा कारभारी, तिथं कामगाराला मालकाशी भांडायला जागा किती उरत असेल? सगळं मालकाच्या चांगुलपणावर आणि नजरेवर अवलंबून. नजर चांगली होती म्हणून साधलं.

आणि नजरेला मर्यादा असते. 25 कुटुंबांतल्या प्रत्येकाच्या हातात काय आहे, हे रोज फेरी मारणाऱ्याला दिसतं. पण उद्योग वाढत गेला. 1941 मध्ये हरिहरला मैसूर किर्लोस्कर, 1946 मध्ये पुण्यात ऑइल इंजिन आणि बंगळूरला इलेक्ट्रिक. चार गावांतल्या हजारो माणसांना एकटा मालक कसा ओळखणार? तिथं फॉर्म येतात, ग्रेड येतात, टक्केवारी येते. वेल्च यांची पट्टी दुष्टपणातून आली नव्हती, आकारमानातून आली होती. म्हणून ‘लक्ष्मणरावांसारखी नजर ठेवा’ हा सल्ला आजच्या मॅनेजरला देऊन काही साधत नाही. त्याच्या हाताखाली 60 माणसं आहेत, त्यातली निम्मी स्क्रीनवर दिसतात.

मग आकार वाढल्यावरही माणूस हातावरून जोखता येतो का? याचं एक उत्तर मुंबईतच, गिरगावात सापडतं. 15 मार्च 1959 ला तिथल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. पैसे छगनलाल पारेख, म्हणजे छगनबाप्पांनी दिले होते आणि दर्जा कमी करायचा नाही, असंही बजावलं होतं. देणगी मागायची नाही, हे त्या बायकांनी स्वतःच ठरवलं. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम चार महिने बंद पडलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. व्यवस्थापनाच्या कुठल्याही अभ्यासक्रमात हा धडा शिकवायला हरकत नाही, पण त्यात खाटेचा उल्लेख टाळू नये.

आज लिज्जतच्या सुमारे 45 हजार भगिनी आहेत. त्यांच्यात नोकर कोणी नाही. प्रत्येक भगिनी मालकीण. नफा झाला तर वाटून घ्यायचा, तोटा झाला तरी वाटून घ्यायचा. पुरुष पगारावर ड्रायव्हर, हिशेबनीस होऊ शकतात, सभासद नाही. सकाळी शाखेतून मळलेलं पीठ न्यायचं, घरी लाटायचं, दुसऱ्या दिवशी पापड परत आणायचे. तिथं ते तपासले जातात, वजन होतं आणि मजुरी मिळते. शाखेची संचालिका भगिनींमधूनच, सर्वांच्या संमतीनं निवडली जाते. एमबीए करून आलेली कोणी वरून येऊन बसत नाही. शाखा चालवणाऱ्या बाईच्या हातांना पीठ मळणं किंवा पापड लाटणं ठाऊक असतं. लक्ष्मणरावांकडे जी नजर होती, तिचा इथं नियम झाला, आणि नियम माणसापेक्षा जास्त टिकतो. सातांपैकी एक जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली.

इथंही एक बोच आहेच. लाटणाऱ्या हजारो, संचालिका मोजक्या. कमाई किलोच्या हिशेबानं. पापडात जे जमतं ते गिअरबॉक्समध्ये किंवा कोडिंगमध्ये तसंच्या तसं जमणार नाही. तरी एवढं उचलता येतं की वरच्या जागेवर बसणाऱ्यानं खालचं काम स्वतः केलेलं असावं आणि त्याची निवड करताना खालच्यांना विचारलं जावं.

चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत आज ही गोष्ट सगळ्यात जास्त कोणाला लागू पडते? अप्रेझलवरून कुरकुरणाऱ्या इंजिनिअरांना नव्हे. त्यांच्या शेजारच्या लाइनवर कंत्राटदाराच्या गणवेशात उभ्या असलेल्या मुलांना. त्यातला कोणी आयटीआय झालेला, कोणी बारावी नापास. एकाच मशिनवर वर्षं काढलेली, आवाजावरून बेअरिंग बिघडल्याचं ओळखणारी ही मुलं, पण त्यांचं अप्रेझल होत नाही. कंत्राटदार बदलला की गेटपासही बदलतो आणि हाताला काय येतं याची नोंद कुठल्याच रजिस्टरात उरत नाही. ती ठेवायला नवा कायदा लागत नाही की सल्लागार कंपनी लागत नाही. शॉप फ्लोअरवरच्या सुपरवायझरच्या हाती एक वही द्यावी, आणि वर्षाकाठी तिच्यातल्या दोन-चार नावांना मार्कलिस्ट न मागता कायम करण्याचा अधिकारही.