मनाचं दुखणं ऐकणारा जाणकार माणूस अचलपुरात हवा



घरातला कर्ता माणूस बोलेनासा होतो, जेवण टाकतो, रात्र रात्र जागतो. त्याला कोणाकडं न्यावं, हे आपल्याकडं चटकन कोणी सांगत नाही. मानसोपचारतज्ज्ञ औषध देतात आणि ते हवंच. पण डोक्यावरचं कर्ज, दारू, भावकीतलं भांडण, सुनेची घुसमट हे सगळं घरच्यांसोबत बसून समजून घेणारा, दिव्यांग प्रमाणपत्रापासून कामावर परत जाण्यापर्यंत पाठीशी राहणारा माणूस वेगळा असतो. तो म्हणजे सायकियाट्रिक सोशल वर्कर.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार त्याच्याकडं समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि या विषयातली दोन वर्षांची एम.फिल. लागते. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडं नोंदणीही होते. म्हणून पाटी पाहून पैसे देऊ नका, नोंदणी विचारा. विचारण्यात कसलाच उद्धटपणा नाही.

आपल्याच जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम झाला. गावपातळीवरच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांना बोलतं केलं, समुपदेशकांनी पुढची बाजू सांभाळली. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. लोक यायला तयार असतात, त्यांच्यापर्यंत कोणीतरी पोचावं लागतं.

म्हणून उपजिल्हा रुग्णालयात सायकियाट्रिक सोशल वर्करसाठी आठवड्यातला एक वार ठरवून द्यावा, असं निवेदन जिल्हा शल्यचिकित्सकांना देऊ या. सही कराच. बसायला आडोशाची खोली हवी, हेही त्यात लिहू, कारण इथं रांगेत उभा राहिलेला प्रत्येक जण कोणाचा तरी मामा, कोणाची तरी मावशी असते. वऱ्हाडी आणि उर्दू समजणारा माणूस मिळावा. मेळघाटातून बाजाराला येणाऱ्यांसाठी कोरकू येणारा मिळाला तर फारच बरं.

इथून शिकून नागपूर-पुण्यात या कामात स्थिरावलेल्या मुला-मुलींनो, महिन्यातून एक दिवस गावाला द्या. खोली, चहापाणी, येण्या-जाण्याचा खर्च आपण नागरिक उचलू. डॉक्टर, आशाताई, शिक्षक, कृषी केंद्रवाले यांना विनंती आहे की, नोंदणीकृत व्यक्ती माहीत असेल तर गरजू घराला नाव सांगा. कोण गेलं, कशासाठी गेलं, याची मात्र चौकात चर्चा नको.

तोवर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक घरी लिहून ठेवा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतून बोलता येतं. कोणी जीव देण्याची भाषा केली तर त्याला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि त्याच घटकेला फोन लावा.