जवळचा शब्द, परका कायदा

तिलोस हे ऱ्होड्सजवळचं एक चिमुकलं ग्रीक बेट. ३ जून २००८ रोजी तिथले महापौर तासोस अलिफेरिस यांनी दोन लग्नं लावली. एक दोन पुरुषांचं, एक दोन स्त्रियांचं. त्यांचा युक्तिवाद साधा होता. १९८२ मध्ये ग्रीसने १२५० क्रमांकाचा कायदा करून चर्चबाहेरच्या विवाहाला मान्यता दिली, त्या तरतुदीत ‘पुरुष’ नाही आणि ‘स्त्री’ही नाही. तिथे शब्द आहे ‘मेलोनिम्फी’, म्हणजे लग्न करायला निघालेले. आता समजा, त्याच आठवड्यात हे कलम इंग्रजीत करून देण्याचं काम कुणाकडे आलं. ‘मेलोनिम्फी’च्या पोटात ‘निम्फी’, म्हणजे वधू, बसलेली आहे. अनुवादकाने सवयीने ‘ब्राइड अँड ग्रूम’ लिहिलं की संपलं. महापौरांचा सगळा युक्तिवाद इंग्रजी वाचकापुरता नाहीसा झाला. मराठीतही हीच गत. ‘नियोजित वधूवर’ लिहा, वाद मिटला. ‘विवाहेच्छुक’ लिहा, वाद जिवंत.

प्रत्यक्षात महापौर हरले. ऱ्होड्सच्या न्यायालयाने २००९ मध्ये दोन्ही लग्नं ‘आनिपोस्तातोस’, म्हणजे अस्तित्वातच न आलेली, ठरवली. २०११ मध्ये अपील न्यायालयाने आणि २०१७ मध्ये अरिओस पागोस या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. शब्द नसला तरी विवाह स्त्री-पुरुषांचाच, असा अर्थ न्यायाधीशांनी लावला. तो कुणाला पटेल, कुणाला नाही. पण अर्थ लावणं हे त्यांचं काम होतं. अनुवादकाने ते परस्पर उरकायचं नव्हतं.

इथवर बहुतेक जण मान डोलावतात आणि पुढच्याच वाक्यात आपला जुना आग्रह धरून बसतात. त्यांचं म्हणणं असं : कायद्याचा अनुवाद परदेशातला अधिकारी वाचणार, तेव्हा त्याला ओळखीचा शब्द द्या. ग्रीक कायद्यातल्या संज्ञेचा इंग्रजी कायद्यातला जोडीदार हुडकून काढणं हेच अनुवादकाचं कसब. बाकीचं सारं पांडित्य. हा पूर्वपक्ष कच्चा नाही. अधिकाऱ्यापुढे छापील रकाने असतात आणि प्रबंध वाचायला त्याला पगार मिळत नाही, हे मलाही मान्य आहे. तरीही माझं म्हणणं नेमकं उलट आहे. शब्द जितका जवळचा, तितका धोका मोठा. कारण कायद्यातला शब्द एकटा येत नाही, आपला कायदा बरोबर घेऊन येतो.

‘आकिरोस गामोस’ ही संज्ञा घ्या. शब्दकोश सांगतो : ‘व्हॉइड मॅरेज’. त्याच्या शेजारी ‘आकिरोसिमोस’, म्हणजे ‘व्हॉइडेबल’. जोडी इतकी चपखल की शंका घ्यायला जागाच नाही. आपल्याकडच्या वकिलांना तर हे दोन शब्द तोंडपाठ असतात. हिंदू विवाह कायद्याच्या ११ आणि १२ या कलमांत ते आहेत, आणि योगायोग असा की इंग्लंडच्या १९७३ च्या मॅट्रिमोनिअल कॉझेस ॲक्टमध्येही ११ आणि १२ हीच कलमं त्यांची आहेत. इंग्रजी कायद्यात ‘व्हॉइड’ म्हणजे मुळातच नसलेलं लग्न. न्यायालयाने तसं जाहीर केलं तर उत्तम, नाही केलं तरी ते लग्न कधी झालेलंच नव्हतं. ग्रीक ‘आकिरोस’चं तसं नाही. पहिलं लग्न मोडलेलं नसताना एखाद्याने थेस्सालोनिकीच्या नगरपालिकेत दुसरं लग्न केलं, तर ते दुसरं लग्न आकिरोस असतं. पण न्यायालयाचा अंतिम निकाल येऊन ते रद्द होईपर्यंत त्याचे सगळे परिणाम चालू राहतात. मधल्या काळात त्या दुसऱ्या लग्नातल्या बाईने आपण मोकळ्या आहोत असं धरून तिसऱ्याच माणसाशी लग्न केलं, तर ग्रीक कायद्याच्या नजरेत आता तीच दोषी. मँचेस्टरमधल्या सॉलिसिटरला मात्र समोरच्या कागदावर ‘व्हॉइड’ दिसतं आणि तो निर्धास्तपणे तिला सांगतो, तुम्ही मोकळ्या आहात. त्याचं चुकलं नाही. त्याने आपल्या कायद्यातला शब्द आपल्या कायद्याप्रमाणे वाचला.

मग इंग्रजी ‘व्हॉइड’च्या जवळ जाणारी ग्रीक संज्ञा कोणती? तिलोसच्या निकालातली ‘आनिपोस्तातोस’, म्हणजे अस्तित्वातच न आलेलं. विवाहाचा विधी मुळात पाळलाच गेला नाही, तर त्याला हे नाव आहे. तो रद्द करायची गरज नसते, कारण रद्द करायला काही नसतंच. म्हणजे एक पायरी सरकली. पण त्यामुळे जोड जुळली असंही नाही. इंग्लंडमध्ये न्यायालयं अशा समारंभाला पूर्वी ‘नॉन-मॅरेज’ म्हणत. निकाहाचा विधी झाला पण कायदेशीर नोंदणीचा विवाह झालाच नाही, अशा एका खटल्यात २०२० मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ती संज्ञा बाजूला सारून ‘नॉन-क्वालिफाइंग सेरेमनी’ हा शब्द पसंत केला. जोडीदार म्हणून ज्याचा हात धरायचा, त्याच्याच नावाबद्दल त्याच्या घरी एकमत नाही.

जोडीदार शब्दाचा आग्रह सर्वांत उघडा पडतो तो ‘सिम्फोनो सिंव्हिओसिस’पाशी. सिम्फोनो म्हणजे करार. सिंव्हिओसी म्हणजे सहजीवन, आपल्या पुणेकरांना ज्या नावाची शिक्षणसंस्था माहीत आहे तेच. २००८ मध्ये ३७१९ क्रमांकाच्या कायद्याने लग्नाखेरीज हा दुसरा पर्याय आणला, तोही फक्त स्त्री-पुरुष जोडप्यांना. ७ नोव्हेंबर २०१३ रोजी स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने, वालियानातोस खटल्यात, हा भेदभाव ठरवला. २०१५ च्या अखेरीस ग्रीसने तो सर्वांना खुला केला. आता याला इंग्रजीत म्हणायचं काय? शब्दाला शब्द लावणारे म्हणतात ‘कोहॅबिटेशन अ‍ॅग्रीमेंट’. अक्षर न् अक्षर बरोबर, आणि अर्थ पार बुडाला. इंग्लंडमध्ये या नावाचा कागद म्हणजे एकत्र राहणाऱ्या दोघांनी भाडं, फर्निचर आणि बँकेतले पैसे यांबद्दल केलेला खासगी करार. त्याने कुणाचा नागरी दर्जा बदलत नाही. ग्रीक सिम्फोनोने तो बदलतो, वारसाहक्कापर्यंत बदलतो.

दुसऱ्या बाजूचे म्हणतात ‘सिव्हिल पार्टनरशिप’. ऐकायला सभ्य, रकान्यात फिट्ट. पण इंग्लंडमधली सिव्हिल पार्टनरशिप निबंधकापुढे होते आणि मोडायची तर न्यायालयात जावं लागतं. ग्रीक सिम्फोनो नोटरीपुढे दस्त करून होतो आणि लिक्सिआर्खिओ, म्हणजे जन्म-मृत्यू-विवाहाच्या निबंधकाकडे, दाखल झाला की लागू होतो. मोडायचा तर दोघं पुन्हा नोटरीकडे जातात. एकालाच मोडायचा असेल, तर त्याने बेलिफामार्फत दुसऱ्याला संमतीने मोडण्याचं बोलावणं पाठवायचं, तीन महिने थांबायचं आणि मग एकट्याने नोटरीपुढे निवेदन करायचं. न्यायाधीश या गोष्टीत कुठेच येत नाही. इंग्लंडने अशा परदेशी नात्याला आपल्या सिव्हिल पार्टनरशिपचा मान द्यावा की नाही, हे इंग्लंडचा कायदा ठरवील. अनुवादकाने ‘सिव्हिल पार्टनरशिप’ लिहून तो मान आधीच देऊन टाकणं म्हणजे साक्षीदाराने निकालपत्र लिहिणं.

यावर हमखास येणारा प्रतिवाद : खुद्द स्ट्रासबर्गच्या न्यायालयाने इंग्रजी निकालात ‘सिव्हिल युनियन’ असं म्हटलंय, मग तुम्ही कोण? न्यायालयाने म्हटलंय खरं. पण त्या निकालात तो ग्रीक कायदा काय आहे, कुणासाठी आहे, त्याने काय मिळतं, हे आधी सविस्तर मांडलेलं आहे. ते वाचून आलेल्याला ‘सिव्हिल युनियन’ हे फक्त हाक मारायचं नाव उरतं. दाखल्याच्या अनुवादात ते स्पष्टीकरण गळतं आणि नाव तेवढं उरतं.

शब्दशः पंथाचा समाचार थोडक्यात घेऊ, कारण त्यांच्या चुका फारशा घातक नसतात, हास्यास्पद असतात. ‘पोलितिकोस गामोस’ म्हणजे नागरी विवाह, महापौरापुढे, दोन साक्षीदारांसमक्ष, जाहीरपणे केलेली संमतीची घोषणा. ग्रीकमध्ये ‘राजकीय’ आणि ‘नागरी’ या दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्याने कोशावर विसंबणाऱ्याच्या हातून ‘पोलिटिकल मॅरेज’ होऊ शकतं. (तसं पाहिलं तर १९८२ चं ते लग्न राजकीय होतंच. पासोक पक्षाला आधी नागरी विवाह सर्वांना सक्तीचा करायचा होता. चर्चच्या विरोधानंतर दोन्ही वाटा समान ठेवून तडजोड झाली.) ‘आगामिआ’चा दाखला म्हणजे अविवाहित असल्याचा दाखला, इंग्रजीत त्याचं ‘सेलिबसी सर्टिफिकेट’ होतं, म्हणजे नगरपालिका ब्रह्मचर्याची हमी देते. पण आपण फार हसू नये. नोंदणी विवाहाला आपण सर्रास ‘कोर्ट मॅरेज’ म्हणतो आणि त्यात कोर्टाचा काडीचा संबंध नसतो.

उरला तिसरा पंथ, मूळ ग्रीक शब्द जसाच्या तसा ठेवून हात झटकणाऱ्यांचा. त्यांची निष्ठा खरी आहे, पण वाचकाच्या पदरात त्यातून काहीच पडत नाही. शिवाय ‘ग्रीक शब्द’ म्हणजे तरी कुठला? सायप्रसमध्येही भाषा ग्रीकच, पण तिथल्या कायद्यावर ब्रिटिश अमलाची छाप आहे. २०१५ मध्ये सायप्रसने असाच पर्याय आणला तेव्हा त्याचं नाव ‘पोलितिकी सिंव्हिओसी’ ठेवलं. अथेन्सचा सिम्फोनो आणि निकोसियाची सिंव्हिओसी यांचे कायदे वेगळे, घडण वेगळी. इस्रायल आणि लेबनॉनमध्ये नागरी विवाहाची सोय नसल्याने तिथली जोडपी सायप्रसला येऊन लग्नं करतात. त्यांच्या हातातल्या कागदावरचा प्रत्येक शब्द तिसऱ्याच देशात तपासला जातो. तिथे नुसता मूळ शब्द दाखवून भागत नाही.

मग करायचं काय? गोव्याकडे पाहा, असं मी म्हणेन. तिथला कौटुंबिक कायदा पोर्तुगीज संहितेतून आलेला, आणि न्यायालयाची भाषा इंग्रजी. म्हणजे अडचण तीच : युरोपातल्या संहितेचा विचार आणि इंग्रजी कायद्याचा शब्दसंग्रह. गोव्यातल्या वकिलांनी इंग्लंडमधला जवळचा शब्द शोधण्याचा मोह बऱ्याच अंशी टाळला. नवराबायकोची मालमत्ता लग्नापासून सामाईक होते, या व्यवस्थेला ते ‘कम्युनियन ऑफ ॲसेट्स’ म्हणतात. इंग्लंडच्या माणसाला हे इंग्रजी विचित्र वाटेल. वाटू द्यावं. विचित्र वाटलं की तो थांबतो आणि विचारतो, हे काय? आणि मग त्याला कळतं की नवरा वारल्यावर बायकोकडे राहणारा अर्धा भाग हा वारसा नव्हे. तो आधीपासून तिचाच होता. ‘इनहेरिटन्स’ हा गुळगुळीत शब्द वापरला असता तर प्रश्नच पडला नसता आणि बायको वारसांच्या रांगेत उभी राहिली असती. तिथलीच ‘दुसरी सही’ घ्या. निबंधकापुढे पहिलं निवेदन, मग हरकतींसाठी मुदत, मग दुसरी सही. ती राहिली तर लग्न कायद्याने पुरं होत नाही. आता पहिल्या सहीच्या कागदाला कुणी इंग्रजीत ‘मॅरेज सर्टिफिकेट’ म्हटलं, तर केवढा घोटाळा होईल, हे मडगावच्या कुठल्याही वकिलाला विचारा.

अनुवादकाने प्रत्येक संज्ञेला दोन प्रश्न विचारावेत : हे नातं कुणापुढे जुळतं आणि कुणापुढे सुटतं? उत्तरं दोन्ही देशांत सारखी असली तर तिथला शब्द खुशाल वापरावा. ‘पोलितिकोस गामोस’ला ‘सिव्हिल मॅरेज’ म्हणायला माझी मुळीच हरकत नाही. उत्तरं वेगळी असली तर साध्या इंग्रजीत वर्णन करावं आणि मूळ नाव शेजारी ठेवावं. सिम्फोनोसाठी ‘नोटरीच्या दस्ताने झालेली रजिस्टर्ड पार्टनरशिप’ एवढं इंग्रजीत लिहिणं पुरेसं आहे. रजिस्टर्ड पार्टनरशिप हा युरोपीय संघाने २०१६ च्या आपल्या नियमनात वापरलेला सर्वसाधारण शब्द आहे. इंग्लंडच्या कुठल्याही कायद्याचं ओझं त्यावर नाही. आकिरोससाठी ‘न्यायालयाने रद्द करेपर्यंत परिणाम राखणारा सदोष विवाह’ हे लांबलचक आहे, पण खरं आहे. आणि रकान्यांचं म्हणाल, तर युरोपीय संघाने २०१९ पासून सार्वजनिक दाखल्यांसाठी बहुभाषी नमुने लागू केले, तेही मूळ दाखल्याला जोडायचे असतात, त्याच्या जागी चालत नाहीत. म्हणजे रकाना भरला तरी मूळ कागद हलत नाही, हे ब्रसेल्सलाही मान्य आहे.

शेवटचा आक्षेप सोयीचा आहे : ग्रीसमध्ये वकिलाने प्रमाणित केलेला अनुवाद चालतो, आणि वकिलाला कायदा कळतो, तेव्हा त्याने निवडलेल्या शब्दावर भरवसा ठेवावा. त्याला ग्रीक कायदा कळतो, इंग्लंडचा कळेलच असं नाही. आणि घोटाळा होतो तो दुसऱ्या काठावर. ताजं उदाहरण घ्या. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ग्रीक संसदेने १७६ मतांनी समलिंगी विवाहाचा कायदा संमत केला. सिम्फोनोत असलेल्या जोडप्यांना आता आपसात लग्न करता येतं, आणि लग्न केलं की ग्रीक कायद्याप्रमाणे त्यांचा सिम्फोनो आपोआप सुटतो. निबंधकाच्या नोंदीत तो ‘सुटला’ असं येतं. या नोंदीचं ‘सिव्हिल पार्टनरशिप डिझॉल्व्ह्ड’ असं सुबक इंग्रजी केलं, की लंडनचा अधिकारी नुकतंच लग्न केलेल्या या दोघांना विभक्त समजेल आणि विसर्जनाच्या न्यायालयीन आदेशाची प्रत मागेल. तो आदेश कुठल्याही न्यायालयाने कधी दिलेलाच नाही.