साम्राज्याचे हात आपलेच होते



दर ऑगस्टमध्ये एक गोष्ट आपल्या कानावर पडते. महायुद्धाने इंग्रज थकले, खजिना रिकामा झाला आणि ते निघून गेले. त्यांच्यामागून डच गेले, फ्रेंच गेले. ही गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणूनच ती जास्त घातक आहे. खजिना रिकामा होता हे खरे. पण रिकाम्या खजिन्याचे डच १९४९ पर्यंत इंडोनेशिया सोडायला तयार नव्हते. फ्रेंच व्हिएतनाममध्ये १९५४ पर्यंत लढले, अल्जीरियात १९६२ पर्यंत. थकून कोणी गेले नाही. ज्यांच्या हातांवर साम्राज्य चालत होते, त्या हातांनी काम नाकारले तेव्हा ते गेले. आणि नाकारणाऱ्यांत ही मुंबई आघाडीवर होती.

आधी इंडोनेशिया पाहू. १७ ऑगस्ट १९४५ ला तिथल्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते सुकार्नो आणि हत्ता यांनी जाकार्तात इंडोनेशियाचे स्वातंत्र्य जाहीर केले. डचांपाशी तेव्हा तिथे पुरेशी फौज नव्हती. मग इंग्रजांनी फौज उतरवली, आणि ती बहुतांशी हिंदी होती. ऑक्टोबरअखेर सुराबाया बंदरात उतरलेल्या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण होती. सातारा-कोल्हापूरची, कोकणातली पोरे गुलाम देशातून निघून दुसऱ्या गुलाम देशावर बंदूक रोखायला नेली गेली. १० नोव्हेंबरला त्या शहरावर जमिनीवरून, समुद्रातून आणि आकाशातून हल्ला झाला. इंडोनेशियात आजही तो दिवस वीर दिन म्हणून पाळतात. हे आपल्याला शाळेत कोणी शिकवले? मराठी घरांतली माणसे त्या लढाईत होती, आणि तिचे नावही आपल्याला ठाऊक नाही, ही शरमेची बाब आहे.

पण त्याच महिन्यांत नकारही सुरू झाला होता. ऑस्ट्रेलियाच्या बंदरांत डचांच्या जहाजांवरच्या हिंदी खलाशांनी काम सोडले. तिथल्या गोदी कामगारांनी त्या जहाजांवर माल चढवायचे नाकारले. जावातल्या हिंदी फौजेतले काही शेकडो शिपाई पलटण सोडून इंडोनेशियाच्या बाजूला गेले.

आणि मग १८ फेब्रुवारी १९४६. कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदलाच्या संदेशशाळेत निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्याच्या शिव्या यांवरून नाविकांनी काम थांबवले. दोन-तीन दिवसांत ७८ जहाजे आणि सुमारे २०,००० नाविक संपात उतरले. जहाजांवरचा युनियन जॅक खाली आला. काँग्रेसचा, मुस्लीम लीगचा आणि लाल असे तीन झेंडे शेजारी शेजारी चढले. जेवणाच्या तक्रारीवरून उठलेल्या या पोरांच्या मागण्यांच्या यादीत काय होते ते नीट वाचा: आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका करा आणि इंडोनेशियातून हिंदी फौज परत आणा. विशी-पंचविशीच्या नाविकांना हे उमगले होते की दुसऱ्याच्या मानेवरचे जोखड आपल्या हाताने आवळत राहिलो तर आपले सैल होणार नाही.

शहर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. सैन्याने वेढलेल्या नाविकांसाठी लोक गेटवेवर डबे, फळे, पाव घेऊन आले. २२ फेब्रुवारीला गिरण्या बंद पडल्या. रस्त्यांवर लष्कर आले, गोळीबार झाला. परळला कार्यकर्त्या कमल दोंदे गोळी लागून गेल्या. त्या दोन-तीन दिवसांत मुंबईत दोनशेहून अधिक माणसे मेली. त्यांपैकी बहुतेकांची नावे आपण कधी उच्चारलेली नाहीत.

सरदार पटेलांनी शरण जाण्याचा सल्ला दिला, जिनांनीही दिला. २३ तारखेला नाविकांनी शस्त्रे खाली ठेवली. सूड घेतला जाणार नाही या आश्वासनावर त्यांनी विश्वास ठेवला होता. शेकडोंना अटक झाली, बडतर्फी झाली, आणि देश स्वतंत्र झाल्यावरही त्यांना नौदलात परत घेतले गेले नाही. पुढाऱ्यांच्या अडचणी आम्हाला कळतात. हा अन्याय मात्र आम्ही विसरणार नाही. कारण हिंदी फौज आता हुकूम मानेलच असे नाही, ही धास्ती दिल्ली-लंडनच्या कचेऱ्यांत याच पोरांनी बसवली होती.

ज्या इंडोनेशियातून फौज परत आणा असे नाविक म्हणत होते, त्याचे स्वातंत्र्य डचांनी मान्य केले ते २७ डिसेंबर १९४९ ला, तेही वसाहत सरकारचे ४ अब्ज गिल्डरहून अधिक कर्ज त्याच्या डोक्यावर ठेवून. ज्यांना लुटले त्यांच्याकडूनच लुटारूंनी हिशेब चुकता करून घेतला. याला उदारपणे दिलेले स्वातंत्र्य म्हणायची आमची तयारी नाही.

आमच्या मागण्या सरळ आहेत. फेब्रुवारी १९४६ मध्ये या शहरात मेलेल्यांची नावे महापालिकेने वॉर्डवार गोळा करून जाहीर करावीत. राज्याच्या इतिहासाच्या पुस्तकात नाविकांच्या उठावाला त्याच्या मागण्यांसह पूर्ण पाठ मिळावा, आणि त्याच पाठात सुराबायाही यावे. ज्यांच्या घरात कोणी आजोबा-पणजोबा त्या जहाजांवर, त्या पलटणीत किंवा त्या गिरण्यांत होते, त्यांनी पत्रे, फोटो, बडतर्फीचे कागद जपून ठेवावेत, रद्दीत घालू नयेत.

येत्या १८ फेब्रुवारीला सकाळी दहा वाजता कुलाब्याच्या नाविक उठावाच्या स्मारकापाशी या. माहीत असलेले एक तरी नाव कागदावर लिहून आणा. ती सगळी नावे तिथे मोठ्याने वाचली जातील.

— मुंबईतील काही नागरिक