मंडयांचा हंगाम भरगच्च. ध्वनिमुद्रणाची पाटी मात्र कोरी

बपेरा : भाऊबीज आटोपली की भंडारा जिल्ह्यात मंडयांना प्रारंभ होतो. तुमसर तालुक्यातील सिहोरा परिसरही त्याला अपवाद नाही. बपेरा हे या परिसराचे टोकाचे गाव. बावनथडी नदी ओलांडली की मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा लागतो. शेजारच्या गावांच्या मंडया एकाच दिवशी येऊ नयेत, पाहुण्यांना आणि माहेरवाशिणींना एकाहून अधिक गावांत जाता यावे, अशा बेताने तारखा ठरतात. दिवसा दंडार किंवा दुय्यम खडी गंमत, रात्री नाटक वा कव्वालीचा मुकाबला, असा कार्यक्रम असतो. या पट्ट्यातील लोकसंगीताचे वर्षभराचे वेळापत्रक प्रामुख्याने याच काही आठवड्यांत सामावलेले आहे.

खडी गंमत म्हणजे नावाप्रमाणेच उभ्याने सादर होणारी कला. शाहीर, ढोलकीवाला, डफ, तुणतुणे आणि टाळ धरणारे साथीदार सारे उभेच असतात. स्त्रीची भूमिका नाच्या म्हणजे पुरुषच करतो. गण-गवळणीने आरंभ, मग लावणी, सवाल-जवाब, बतावणी आणि शेवटी कथानक, असा सर्वसाधारण क्रम. दुय्यम म्हणजे दोन पक्षांचा सामना. एका शाहिराने टाकलेला सवाल दुसऱ्याने तिथेच, उभ्या उभ्या सोडवायचा. साहजिकच यातील बराच भाग त्या दिवसापुरता जन्मतो आणि गर्दी पांगली की संपतो. नेमका हाच भाग सर्वांत मोलाचा असतो.

अशा मातीतल्या गाण्याला अमेरिकेत 'रूट्स' संगीत म्हणतात. त्याच्या आजच्या व्यावसायिक रूपाला 'अमेरिकाना' हे नाव मिळाले असून या संगीताची संघटना १९९९ मध्ये स्थापन झाली. योगायोगाने त्याच वर्षी भंडाऱ्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा झाला. तिकडच्या वाद्यवृंदांना आवडत्या ध्वनिमुद्रिका विचारल्या की काही नावे हमखास पुढे येतात. हॅरी स्मिथ यांनी संपादित केलेला, १९५२ मध्ये फोकवेज कंपनीने काढलेला ८४ गाण्यांचा संग्रह त्यांत अग्रभागी असतो. 'निटी ग्रिटी डर्ट बँड' या तरुण मंडळींनी मेबेल कार्टर, डॉक वॉटसन अशा जुन्याजाणत्यांना सोबत घेऊन १९७२ मध्ये काढलेला तीन तबकड्यांचा संचही असाच मानाचा. स्मिथ यांच्या संग्रहातील गाणी १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी खेड्यापाड्यांतील गायकांकडून व्यापारी कंपन्यांनी मुद्रित करून घेतली होती. त्या कंपन्यांना लोककला जतन करायची नव्हती, तबकड्या विकायच्या होत्या. पण त्यांनी तबकडीवर गायकाचे नाव छापले आणि पुढचे सारे त्यामुळे घडले.

मिसिसिपी जॉन हर्ट यांचे उदाहरण बोलके आहे. या शेतमजूर गायकाने १९२८ मध्ये काही गाणी मुद्रित केली. ती फारशी खपली नाहीत आणि हर्ट आपल्या गावी शेतीच्या कामाला परतले. स्मिथ यांच्या संग्रहात त्यांची दोन गाणी आली. पुढे एका जुन्या गाण्यातील अ‍ॅव्हलॉन या गावाच्या उल्लेखावरून टॉम हॉस्किन्स नावाचा चाहता १९६३ मध्ये त्यांच्या दारात पोहोचला. सत्तरीच्या घरातील हर्ट त्याच वर्षी न्यूपोर्टच्या महोत्सवात गायले आणि १९६६ मध्ये निधन होईपर्यंत त्यांना मान व मानधन दोन्ही मिळाले. पस्तीस वर्षांपूर्वीची तबकडी हाच त्यांचा पत्ता ठरला.

बपेऱ्याच्या मंडईत उभ्या राहणाऱ्या शाहिराचा असा पत्ता कोठे आहे? प्रश्न भावनेचा नाही, थेट पोटाचा आहे. वयोवृद्ध कलावंतांसाठी राज्य शासनाची मानधन योजना आहे. पूर्वी अ, ब आणि क अशा तीन वर्गांनुसार दरमहा ३,१५०, २,७०० व २,२५० रुपये मिळत. २०२४ मध्ये योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव देऊन सर्वांसाठी सरसकट ५,००० रुपये करण्यात आले. वाढ स्वागतार्ह आहे. मात्र त्यासाठी पन्नाशी ओलांडलेली असावी लागते आणि किमान १५ वर्षे कलेच्या क्षेत्रात काम केल्याचे दाखवावे लागते. नाटकमंडळीकडे छापील जाहिराती असतात. खडी गंमतीच्या साथीदाराकडे, त्यातही टाळकऱ्याकडे काय असणार? बिदागी हातोहात मिळते, तिची पावती नसते. भित्तिपत्रकावर शाहिराचे नाव ठळक छापतात, बाकीचे 'आणि संच' या दोन शब्दांत गडप होतात.

झाडीपट्टीतील सगळेच कलाप्रकार दुर्लक्षित आहेत, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. वडसा अर्थात देसाईगंज येथून चालणारी हंगामी नाट्यसृष्टी स्वतःच्या बळावर उभी आहे आणि परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्याने तिच्यावर राष्ट्रीय मोहोर उमटली. दंडारीचा अभ्यास साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी केला आणि झाडीबोलीला साहित्यात जागा मिळवून दिली. नागपूरला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. परंतु पुस्तकात शब्द येतो, आवाज येत नाही. पश्चिम महाराष्ट्रात गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गायिकेच्या व गावाच्या नावानिशी नोंदवल्या. काम किती चिकाटीचे असते, हे त्यावरून कळते.

यूट्यूबवर खडी गंमतीच्या चित्रफिती आता मुबलक आहेत, हे खरे. त्यांतील बहुतेकांना गाव नाही, तारीख नाही, वादकाचे नाव नाही. वाहिनीचे नाव तेवढे मोठ्या अक्षरांत असते. अशा चित्रफितीने करमणूक होते, कागदपत्राचे काम होत नाही.

सीमेचा पेच त्याहून निराळा आहे. बालाघाट जिल्हाच मुळी १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि सिवनी यांचे भाग जोडून तयार झाला. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दोन्ही तीर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. त्या दिवसापासून बपेरा सीमेवरचे गाव झाले. दंडार नदीच्या दोन्ही अंगांना होते आणि सोयरिकीही दोन्हीकडच्या आहेत. महाराष्ट्राचे मानधन मात्र महाराष्ट्राच्या रहिवाशालाच. एकाच संचातला ढोलकीवाला अलीकडचा आणि टाळकरी पलीकडचा असेल, तर दोघांच्या म्हातारपणाचे हिशेब वेगळे होतात.

रात्रभराच्या फडाला कायद्याचीही मर्यादा आली आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्याने जाहीर केलेल्या मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते. २०२० मध्ये करोनाच्या निर्बंधांनी हंगाम बुडाला. २०२४ मध्ये दिवाळी आणि विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता एकत्र आली. हंगामच जेमतेम काही आठवड्यांचा, तेव्हा असा एक खंड कलावंताच्या वर्षभराच्या मिळकतीवर येतो. धानाची कापणी आणि मंडईची वर्गणी यांचेही नाते असेच नाजूक. २०२५ मध्ये भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती, तेव्हा जड धान शेतातच उभा होता. २०२६ मध्ये ती ११ नोव्हेंबरला येते. धान बांधीतून निघालेला असला की वर्गणीला हात सैल होतो, हे गावात कोणाला सांगावे लागत नाही.

उपाय खर्चिक नाही. मंडई समितीने कार्यक्रम ठरवताना संचातील प्रत्येकाचे नाव, गाव आणि वाद्य लिहून घ्यावे, एका भ्रमणध्वनीवर सलग मुद्रण करावे आणि त्याची प्रत तारखेसह ग्रामपंचायतीत ठेवावी. दरवर्षीची नोंद साचत गेली, तर १५ वर्षांच्या अटीला उत्तर देणारा कागद गावातच तयार होईल. तारखा, संच आणि बिदागी यांची बोलणी दिवाळीपूर्वीच होतात. नोंदीचा विषय त्याच बैठकीत घेता येण्याजोगा आहे.